वेचून घ्यायला कुणी नव्हतं म्हणून

लंडनच्या टेट ब्रिटन या संग्रहालयात एक चित्र आहे. फिकट पिवळं आभाळ, तेच पिवळं खाली नदीत उतरलेलं. मधोमध निळा धूसर डाग दिसतो, तो किल्ला. काठाशी पाण्यात एक तांबूस गाय उभी आहे. गाय म्हणजे तरी काय, चार-पाच फटकारे आणि बाकी आपल्या डोळ्यांचं काम. रंग इतका पातळ लावलाय की हे जलरंगातलं नसून तैलचित्र आहे हे पाटी वाचल्यावरच पटतं. 'नॉरम कॅसल, सूर्योदय'. चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर, साल साधारण १८४५. म्हणजे म्हातारा तेव्हा सत्तरीला टेकला होता.

आज टर्नर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो हा टर्नर, प्रकाशात विरघळून गेलेला. पण हे चित्र त्याने कधी कुठल्या प्रदर्शनात मांडलं नाही, कुणाला विकलं नाही. नावसुद्धा मागाहून इतरांनी ठेवलं. राष्ट्राला काय द्यायचं ते त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, त्यात हे बसत नव्हतं. तो १८५१ च्या डिसेंबरात वारला आणि चित्र लोकांपुढे भिंतीवर लागलं १९०६ मध्ये. मधली पंचावन्न वर्षं ते अंधारात होतं, त्यातली पन्नास सरकारी मालकीच्या.

ते तिथे पोचलं ते कुणा जाणकाराच्या नजरेत भरलं म्हणून नव्हे. कोर्टाच्या हुकुमाने पोचलं, आणि हुकूम देणाऱ्याला त्यातल्या कुठल्या चित्राशी देणंघेणं नव्हतं. माझं म्हणणं उरफाटं वाटेल, पण ते असं आहे की उत्तरायुष्यातला टर्नर आज लोकांचा आहे तो त्या वेळी निवड करायची मुभा कुणालाच नव्हती म्हणून. 'आम्ही दर्जा पाहूनच घेतो' असं एखादं संग्रहालय अभिमानाने सांगतं, तेव्हा मला ती गाय आठवते. १८५६ चा दर्जा लावला असता तर ती उरली नसती.

मृत्युपत्राची कथा मुळातून सांगायला हवी, कारण तीत कुणीच धड वागलेलं नाही.

टर्नर न्हाव्याचा मुलगा. कव्हेंट गार्डनजवळच्या मेडन लेनमध्ये बापाचं दुकान होतं आणि पोराची चित्रं त्या दुकानात टांगलेली असत. पुढे तोच बाप पोराला कॅनव्हास ताणून द्यायचा, चित्रांना व्हार्निश मारायचा. टर्नरने पैसा रग्गड मिळवला आणि खर्चताना हात कायम आखडता ठेवला. मेला तेव्हा मालमत्ता १,४०,००० पौंडांच्या घरात होती. अखेरची वर्षं त्याने चेल्सीत मिसेस बूथ या विधवेच्या घरी काढली. शेजारीपाजारी त्यालाच 'ॲडमिरल बूथ' म्हणून ओळखत. इकडे क्वीन ॲन स्ट्रीटवरच्या त्याच्या स्वतःच्या चित्रदालनात छताच्या काचांतून पाणी गळत होतं आणि हॅना डॅन्बी ही घर राखणारी बाई व तिची बिनशेपटीची मांजरं एवढ्यांचाच वावर होता. एका समुद्रचित्राचा मांजरांनी खिडकीतून ये-जा करण्यासाठी पडद्यासारखा उपयोग केला, अशी दंतकथा आहे. ती खरी नसली तरी घराची कळा सांगायला पुरते.

मृत्युपत्र १८३१ चं, त्याला १८४९ पर्यंत पुरवण्या जोडत नेलेल्या. त्याचा जीव दोन गोष्टींत अडकला होता. पहिली म्हणजे आपली पूर्ण झालेली चित्रं नॅशनल गॅलरीला द्यायची, पण अटीवर. त्यांच्यासाठी वेगळी दालनं बांधायची, त्यांना 'टर्नर्स गॅलरी' म्हणायचं आणि हे मृत्यूनंतर दहा वर्षांत करायचं. नाहीतर देणगी रद्द. दुसरी गोष्ट ट्विकनहॅमच्या जमिनीवर थकल्याभागल्या, कफल्लक चित्रकारांसाठी आश्रम. त्यातही अटी होत्याच: इंग्लंडात जन्मलेला पुरुष हवा, आईबाप इंग्रज हवेत, आणि संतती औरस हवी. टर्नरच्या मानल्या गेलेल्या दोन मुली लग्नाबाहेरच्या होत्या. माणूस स्वतःला नियमातून वगळूनच नियम करतो, त्याला इंग्रज काय आणि आपण काय.

रिकाम्या हातांनी राहिलेले चुलतभाऊ कोर्टात गेले. आधी म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते चाललं नाही. मग म्हणाले, धर्मादायासाठी जमीन अशी मृत्युपत्राने देता येत नाही, कायद्याची आडकाठी आहे. यात दम होता. वकिलांची चार वर्षं सुखात गेली आणि १९ मार्च १८५६ ला तडजोडीचा हुकूमनामा झाला. स्थावर मालमत्ता कायदेशीर वारसाला, २०,००० पौंड रॉयल अकादमी या चित्रकारांच्या संस्थेला, उरलेला पैसा नातेवाइकांना. थकलेल्या चित्रकारांच्या आश्रमाला काहीच नाही. आणि चित्रं? मृताच्या हातची सगळी चित्रं, रेखाटनं, पूर्ण-अपूर्ण असा भेद न करता, राष्ट्राला.

'पूर्ण-अपूर्ण असा भेद न करता.' सगळा लेख मी या पाच शब्दांवर उभा करतोय. टर्नरने भेद केला होता, कोर्टाने तो पुसला. यात रसिकता नव्हती, सोय होती. कुठलं चित्र पूर्ण हे ठरवायला बसलं असतं तर आणखी चार वर्षं गेली असती. टर्नरच्या बाबतीत तर विशेषच, कारण प्रदर्शन उघडण्याआधी व्हार्निश करायला म्हणून जे दिवस दिले जात, त्या दिवसांत हा गृहस्थ जवळपास कोरा, नुसता रंगांचे ढग असलेला कॅनव्हास घेऊन यायचा आणि भिंतीवर टांगलेल्या चौकटीतच चित्र उभं करायचा. १८३५ मध्ये पार्लमेंटच्या आगीचं चित्र त्याने असंच बघ्यांच्या देखत पुरं केलं. असल्या माणसाच्या घरातले ढग पूर्ण की अपूर्ण, हे कुठल्या न्यायाधीशाने सांगावं?

तर राष्ट्राच्या दारात सुमारे ३०० तैलचित्रं येऊन पडली. त्यातली पूर्ण म्हणावीत अशी शंभरेक. वर कागद: वह्या, सुटी पानं, जलरंग, पेन्सिलीच्या खुणा, मोजले तेव्हा १९,००० च्या वर भरले. गॅलरीला आनंद झाला असेल असं समजू नका. जागा नव्हती, माणसं नव्हती, आणि उत्तरकाळातल्या चित्रांना तर कुणी गंभीरपणे घ्यायला तयार नव्हतं. १८४२ मधल्या त्याच्या बर्फाच्या वादळाच्या चित्राला टीकाकारांनी साबणाचा फेस आणि चुना म्हटलं होतं. म्हणजे ज्याला तो स्वतः पूर्ण मानून प्रदर्शनात पाठवत होता त्याची ही गत. अपुऱ्याला कोण विचारतो.

नेमक्या त्याच वर्षांत, त्याच गॅलरीत, निवडीचा अधिकार असला की काय होतं तेही घडलं. १८५४ मध्ये जर्मनीतल्या मिंडेनच्या क्र्यूगर नावाच्या गृहस्थाकडून ६४ जुनी जर्मन चित्रं गॅलरीसाठी खरेदी झाली. आली तेव्हा साहेबलोकांना ती ओबडधोबड वाटली. १८५६ मध्ये विकण्याची परवानगी देणारा कायदा करून घेतला आणि १८५७ मध्ये त्यातली ३७ चित्रं क्रिस्टीजच्या लिलावात फुंकून टाकली. पंधराव्या शतकातल्या वेस्टफालियातल्या मठांची ही चित्रं, आज ती कुठल्याही संग्रहालयाने डोळ्यांत तेल घालून जपली असती. गॅलरीतली माणसं तीच, साल तेच. एकीकडे जाणकारांनी नीट पाहून, विचार करून चित्रं घालवली. दुसरीकडे कोर्टाच्या हुकुमाने हात बांधलेले होते म्हणून चित्रं राहिली. जाणकार मूर्ख नव्हते. ते आपल्या काळाचे होते, एवढंच.

त्यातला एक तर सर्वांत मोठा जाणकार होता. कलासमीक्षक जॉन रस्किन. टर्नरची बाजू घेऊन ज्याने आयुष्याची पहिली तलवार उपसली तो. १८५७ च्या शरद ऋतूत तो नॅशनल गॅलरीच्या तळघरात उतरला. कागद पत्र्याच्या डब्यांत कोंबलेले. काहींना बुरशी, काहींच्या कडा उंदरांनी कुरतडलेल्या, वर लंडनची काजळी. दोन मदतनीस घेऊन त्याने हिवाळाभर ते एकेक पान उलगडलं, पुसलं, दाबून सरळ केलं. चारेकशे निवडक चित्रांसाठी उघडझाप होणाऱ्या चौकटींची कपाटं करून दिली. हे काम दुसऱ्या कुणी केलं नसतं. आणि याच रस्किनने कित्येक गठ्ठ्यांवर आपल्या हाताने शेरे मारून ठेवलेत: 'हलकं', 'रद्दी'. वह्या उसवून पानं सुटी केली. टर्नरची नग्न रेखाटनं त्याने जाळली अशी दीडशे वर्षं बोलवा होती. अलीकडे अभ्यासकांनी संग्रह नीट तपासला तेव्हा ती बहुतेक जागच्या जागी सापडली. पण विचार करा, त्या डब्यांची मालकी रस्किनची असती तर? परम भक्ताच्या हातीसुद्धा 'रद्दी' लिहिलेले गठ्ठे उरले नसते. ते उरले कारण मालक राष्ट्र होतं आणि राष्ट्राला त्या कागदांत रस नव्हता.

इथे एक गैरसमज जाता जाता झटकतो. मोने आणि पिसारो हे फ्रेंच चित्रकार १८७० च्या युद्धात लंडनला पळून आले, तिथे त्यांनी टर्नर पाहिला आणि त्यातून इम्प्रेशनिझम ही चित्रशैली निघाली, असं सर्रास सांगितलं जातं आणि सोबत छापलं जातं ते नेमकं नॉरमचं चित्र. त्यांनी टर्नर पाहिला, खरंच. पण भिंतीवर होता तेवढा. नॉरम तेव्हा कोठारात होतं. १९०६ मध्ये टेटने अशी २१ अपुरी चित्रं झाडून-पुसून प्रथम लावली, तेव्हा मोने साठी ओलांडून गेला होता आणि इम्प्रेशनिझम जुना झाला होता. लंडनच्या लोकांना भिंतीवर ओळखीचं काहीतरी दिसलं, कारण मधल्या काळात फ्रेंचांनी त्यांचे डोळे तयार केले होते. चित्र पन्नास वर्षं थांबलं होतं, बघणाऱ्यांची वाट बघत. थांबायला त्याला जागा होती, इतकंच श्रेय संग्रहालयाचं.

आता समोरच्या बाजूचं बोलू. तीही काही कच्ची नाही.

पहिला आक्षेप सरळ आहे: सगळं घ्यायचं तर ठेवायचं कुठे? आणि ठेवणं म्हणजे कुजवणं नव्हे. खरं आहे. टर्नरच्या कागदांची संपूर्ण यादी फिनबर्ग नावाच्या अभ्यासकाने दोन खंडांत छापली ती १९०९ मध्ये, म्हणजे मालकी मिळाल्यावर त्रेपन्न वर्षांनी. तोवर सरकारला आपल्याकडे काय आहे ते धड ठाऊक नव्हतं. जानेवारी १९२८ मध्ये मध्यरात्री थेम्स बांध फोडून आत घुसली, लंडनमध्ये १४ माणसं बुडाली आणि टेटच्या तळघरात ठेवलेले टर्नरचे हजारो कागद पाण्यात गेले. ते एकेक करून वाळवावे लागले. नदीकाठच्या इमारतीच्या तळघरात जलरंग ठेवणाऱ्यांना काय म्हणावं? आमच्याकडे कोकणात आजी पावसाआधी लोणच्याची बरणीसुद्धा खालून वरच्या फळीवर हलवायची. आणि 'टर्नर्स गॅलरी'? दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा पार्लमेंटातल्या लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने कान उपटले म्हणून १८६१ मध्ये घाईघाईने एका दालनात चित्रं टांगली. खास त्याच्यासाठी बांधलेली क्लोअर गॅलरी उघडली १९८७ मध्ये, तीही मुख्यतः एका धनिक कुटुंबाच्या पैशांतून. एवढं करून टेमरेअर या जहाजाचं त्याचं लाडकं चित्र अजून ट्राफल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीतच आहे.

हा सगळा गलथानपणा मान्य करूनही मी म्हणेन की यातली प्रत्येक चूक सुधारता आली. ओले कागद वाळले, यादी झाली, दालन उभं राहिलं. क्र्यूगरच्या ३७ चित्रांच्या बाबतीत सुधारायला हातात काही उरलं नाही. हलगर्जी आणि विक्री एकाच तराजूत घालू नयेत.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. चित्रकाराची इच्छा काही आहे की नाही? त्याने पूर्ण चित्रंच द्यायची म्हटलं होतं. लोकांसमोर कुठल्या रूपात जायचं हे ठरवायचा हक्क त्याचा. त्याने पाया म्हणून लावून ठेवलेले रंग आपण सोनेरी चौकटीत घालतो आणि वर म्हणतो, बघा, शंभर वर्षं आधीचा अमूर्त चित्रकार. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने टर्नरचं प्रदर्शन भरवलं तेव्हा हा साज पुरता चढला. नॉरमवर तो पुढे आणखी काय चढवणार होता, किल्ल्याला दगड, गायीला शिंगं, काठावर माणसं, कुणास ठाऊक. तरुणपणी, १७९७ मध्ये, तो ती जागा प्रथम पाहून आला होता आणि जन्मभर तिच्याकडे परत परत वळत राहिला. आपण ज्याला शेवट समजतो ती त्याची सुरुवात असू शकते.

यावर माझं उत्तर असं की हा प्रश्न टांगण्याचा आहे, घेण्याचा नाही. भिंतीवर काय लावायचं, पाटीवर काय लिहायचं, यात खुशाल आवडनिवड चालवा, भांडा, दर वीस वर्षांनी मत बदला. पाटीवर स्पष्ट लिहा की हे त्याने पुरं केलेलं नाही. पण कोठारात काय शिरू द्यायचं तिथे आजची आवड बसवली की उद्याच्या भांडणाला विषयच उरत नाही.

आश्रमाचं मात्र मला समर्थन करता येत नाही. राष्ट्राने त्याची नको असलेली चित्रं घेतली आणि हवा असलेला आश्रम बुडू दिला. रॉयल अकादमीला २०,००० पौंड कशासाठी? ती काही कफल्लक नव्हती. चित्रं राखल्याचं पुण्य या पापाने फिटत नाही, आणि क्लोअर गॅलरीतल्या पाट्यांवर चुलतभावांपेक्षा ट्विकनहॅमच्या त्या रिकाम्या जमिनीबद्दल जास्त लिहायला हवं, असं माझं मत आहे.

हे सारं मराठीत लिहायचं कारण लंडनची हळहळ नाही. आपल्या चित्रांचाही लंडनच्या कोठारांशी जुना, कडू संबंध आहे. मेजर रॉबर्ट गिलने अजिंठ्यात वर्षानुवर्षं राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२ पासून आपले मुंबईचे विद्यार्थी लेण्यांत नेले, पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. तेरा वर्षं या पोरांनी वटवाघळांच्या वासात, आरशांनी आत वळवलेल्या उजेडात नकला केल्या. त्या लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ १८८५ च्या आगीत जळाल्या. तरी आज त्या पोरांच्या कामाबद्दल आपल्याला बरंच सांगता येतं, कारण ग्रिफिथ्सने पुढे मोठाले दोन खंड छापले. कोठार जळतं, बुडतं. यादी आणि छापील प्रत वाचते. म्हणून सगळं घ्या म्हणताना मी पहिल्या दिवशी यादी करा हेही त्याच दमात म्हणतो.

आपल्याकडे तर घेण्याचाच प्रश्न आहे. चित्रकार जातो तेव्हा त्याच्या मागे दोन खोल्यांचं घर, म्हातारी बायको आणि माळ्यावर चाळीस वर्षांचं काम असतं. मोठ्या नावाचा असेल तर लिलाववाले सही केलेली वीस चित्रं उचलतात. नाव नसेल तर तेही नाही. शाळेत आम्हाला चित्रकला शिकवणारे सर गेले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना आमच्यासारख्या शेकडो पोरांना बसवणारे. सुट्टीत वाईच्या घाटावर आणि कृष्णेच्या काठाने बसून जलरंगात काम करणारे. त्यांच्या मुलीने एका संस्थेला पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं: जागेची अडचण आहे, तरी उत्तम अशी दहा चित्रं निवडून पाठवावीत. ती माझ्याकडे आली, म्हणाली, "दादा, तूच निवड. मला त्यातलं काय कळतं?"

मलाही कळत नाही, हे तिला पटेना. रस्किनला कळलं नव्हतं, तर मी कोण? पण तिला रस्किन सांगून उपयोग नव्हता. संस्थेने काय करायला हवं होतं हे मला नंतर सुचलं, आणि ते खर्चाचंही नाही. आमच्याकडे यायला माणूस नाही, तर तुम्हीच प्रत्येक पानाचा पुढून-मागून फोटो काढा, अनुक्रमांक घाला, हे असं घाला म्हणून एक छापील तक्ता पाठवतो, यादी आमच्याकडे राहील. मूळ कागद जागा होईल तसे घेऊ. एवढं प्रत्येक जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रंथालयालाही जमेल. राज्याने अशा याद्या एकत्र ठेवायला एक खोली आणि दोन माणसं दिली तरी पुष्कळ झालं. दर्जाचा शिक्का आणखी पन्नास वर्षांनी मारायला कुणीतरी येईलच.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही माळा उतरवला. कसर लागलेली, वाळवीने एका कोपऱ्यातून बोगदा केलेली, तरी बहुतेक धड. वाईचे घाट सुंदरच होते, त्यातून दहा काढणं सोपं होतं. मग परीक्षेच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर सरांनी केलेलं काहीतरी निघालं. नुसते राखी आणि हिरवे पट्टे, मध्ये एक पांढरी चीर, पाऊस असेल किंवा रंग तपासायला मारलेले हात असतील. अशी एकशे सदतीस पानं. गठ्ठ्याला सुतळी बांधली होती आणि वर सरांच्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'रद्दीवाला'.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पहिल्या पानाला अकरा क्रमांक घाल, दहा आधीचे झालेत.